‘गोविंदा’ : संबोधनापासून खेळाडूपर्यंत

१. विषयाची मर्यादा

श्रावण वद्य अष्टमीस गोंदिया जिल्ह्यातील अनेक घरी कान्होबाची मातीची मूर्ती बसविली जाते. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला होतो आणि मूर्तीचे विसर्जन केले जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा जो प्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो, त्या प्रदेशात हा उत्सव प्रामुख्याने घरचा आणि गावचा आहे. त्याचे मुख्य शब्द दोन : ‘कान्होबा’ आणि ‘काला’. पहिला संस्कृत ‘कृष्ण’, प्राकृत ‘कण्ह’ या क्रमाने आलेला असून त्याला आदरार्थी ‘बा’ जोडला गेला आहे. दुसरा ‘कालवणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे. निरनिराळ्या घरच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांनी वाटून खाणे, हा त्याचा मूळ आशय. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे आषाढ पौर्णिमेस होणारा काला आणि सप्ताहाच्या अखेरीस होणारे काल्याचे कीर्तन यांतही तोच आशय टिकून आहे.

त्याच श्रावण वद्य नवमीस, गोंदियापासून रेल्वेने साडेनऊशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मुंबईत आणि तिच्या शेजारच्या ठाण्यात, या उत्सवाचा शब्दसंग्रह सर्वस्वी निराळा असतो. तेथे ‘पथक’, ‘थर’, ‘सलामी’, ‘आयोजक’, ‘बक्षीस’, ‘विक्रम’ हे शब्द ऐकू येतात. तिथी एक, कथा एक. परंतु एका ठिकाणी शब्द वाटून घेण्याचे, तर दुसऱ्या ठिकाणी चढून जिंकण्याचे आहेत. हा बदल केवळ शब्दांचा असता, तर त्याची नोंद कोशकारांपुरती पुरेशी झाली असती. परंतु थरांच्या टोकावर एक लहान मूल उभे असते; आणि त्या मुलास समाज कोणत्या नावाने ओळखतो, यावर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाकडे जाते हे ठरते. नाव आणि जबाबदारी यांचा हा संबंध स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. हाकेचे नाम कसे झाले

‘गोविंदा’ हे रूप मराठी व्याकरणाच्या दृष्टीने संबोधनाचे आहे. ‘राम’ या नामाचे संबोधन जसे ‘रामा’, तसे ‘गोविंद’ या नामाचे ‘गोविंदा’. रस्त्याने नाचत जाणारा जमाव देवाला ज्या शब्दाने हाक मारीत असे, तोच शब्द पुढे हाक मारणाऱ्यास लागू झाला. ‘तो गोविंदा आहे’, ‘दोन गोविंदा जखमी झाले’, ‘गोविंदांना विमा मिळाला’ असे प्रयोग आज वृत्तपत्रांत सर्रास आढळतात. संबोधनाचे रूप प्रथमेत येऊन स्थिर झाले, विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि देवाचे नाव माणसास मिळाले, असे हे तिहेरी संक्रमण होय.

या संक्रमणाला इंग्रजीत एक विलक्षण समांतर उदाहरण आहे. ‘चीअर’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ ‘चेहरा’ असा होता. तो जुन्या फ्रेंचमधून आला. चेहऱ्यावरून मनाची वृत्ती, वृत्तीवरून प्रसन्नता आणि प्रसन्नतेवरून हर्षाची आरोळी, असा त्याचा अर्थविस्तार झाला. सामन्याच्या वेळी अशा आरोळ्यांचे नेतृत्व करणारा तो ‘चीअरलीडर’. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २ नोव्हेंबर १८९८ रोजी जॉनी कॅम्बेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून आरोळ्या देवविल्या, तेथून या प्रथेचा आरंभ मानला जातो. पुढे आरोळीला कवायतीची, कवायतीला कोलांट्या-उड्यांची आणि शेवटी मानवी मनोऱ्यांची जोड मिळाली. १९८० नंतरच्या काळात तर ज्या सामन्यासाठी आरोळी द्यावयाची तो सामनाच बाजूस पडून आरोळी देणाऱ्यांच्याच स्वतंत्र स्पर्धा भरू लागल्या. महाराष्ट्रात भक्ताचा गोविंदा झाला. अमेरिकेत प्रेक्षकाचा स्पर्धक झाला. दोन्हीकडे मूळ एकच : आरोळी.

३. पथक, थर, सलामी

गोविंदांच्या परिभाषेतील अन्य शब्दही तपासून पाहण्याजोगे आहेत. ‘पथक’ हा मराठेशाहीच्या काळापासून सैन्याच्या तुकडीसाठी रूढ असलेला शब्द. ‘सलामी’ हा अरबी-फारसी मार्गाने आलेला. तोफांची सलामी, सैनिकांची सलामी हे त्याचे परिचित प्रयोग. हंडी न फोडता, तिच्याखाली ठरावीक थर रचून वरच्या मुलाने हात उंचावून अभिवादन करणे यास गोविंदांच्या भाषेत ‘सलामी देणे’ म्हणतात. ‘थर’ हा संस्कृत ‘स्तर’ या शब्दाचा तद्भव. दह्यावरील सायीचा थर किंवा भिंतीवरील गिलाव्याचा थर जसा, तसाच येथे माणसांचा थर. आपण निर्जीव वस्तूंसाठी वापरतो तो शब्द येथे माणसांना लागला आणि मोजण्याची सोय झाली. काला मोजता येत नाही. थर मोजता येतात.

मोजमाप आले म्हणजे स्पर्धा येते, आणि स्पर्धा आली म्हणजे विक्रम येतो. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाणे येथे जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा ४३.७९ फूट, म्हणजे १३.३४ मीटर उंचीचा मनोरा उभारला आणि त्याची नोंद गिनेस विक्रमपुस्तकात झाली. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर रचले गेले. या उंचीमागे मोठे कष्ट आहेत. पथकांचा सराव सामान्यतः गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. तेथून नवमीपर्यंत जेमतेम ३९ तिथी होतात. पथकातील बहुतेक तरुण नोकरी, मजुरी किंवा शिक्षण करणारे असल्याने हा सराव रात्री होतो. खालच्या घेरात उभा राहणारा, वस्तीबाहेर ज्याचे नाव कोणी ऐकलेले नसते असा तरुण त्या दिवशी स्वतःच्या वस्तीचा भार अक्षरशः खांद्यावर घेतो. कोणत्याही गणवेशापेक्षा ही प्रतिष्ठा त्यास मोलाची वाटते. ही आकांक्षा हिणविण्याजोगी नाही. शिस्त, परस्परविश्वास आणि दुसऱ्याच्या पायाखाली स्थिर राहण्याचे धैर्य हे गुण या सरावातून खरोखरच अंगी बाणतात. महिलांच्या पथकांनी या क्षेत्रात प्रवेश केल्यापासून तर ही आकांक्षा अधिक व्यापक झाली आहे.

४. टोकावरचे मूल

परंतु याच रचनेत एक कठीण प्रश्न अंतर्भूत आहे. मनोऱ्याच्या टोकावर ठेवलेल्या प्रत्येक किलोग्रॅमचा भार खालच्या प्रत्येक थरास सोसावा लागतो. म्हणून टोकावरची व्यक्ती जितकी हलकी, तितका थर वाढविणे सुकर. ‘बालगोविंदा’ या शब्दात जे कौतुक आहे, त्याखाली हे साधे गणित आहे. बालकृष्णाची कथा मुलाला वर जाण्याचे कारण पुरविते. त्याचे वजन ही खरी गरज असते.

यातून मुलावर येणारा ताण दुहेरी असतो. पहिला ताण भयाचा. वर उल्लेखिलेल्या नऊ थरांच्या मनोऱ्यात एका थरामागे सरासरी सुमारे ४.८७ फूट उंची पडते. या हिशेबाने सहाव्या थरावर उभ्या असलेल्या मुलाचे पाय जमिनीपासून सुमारे २४ फुटांवर असतात. तेथून अडथळ्याविना खाली आल्यास त्याचा वेग जमिनीपाशी ताशी सुमारे ४३ किलोमीटर होतो. खालच्या घेरातील हात हा वेग पुष्कळदा झेलतात. नेहमी झेलतातच असे नाही. दुसरा ताण अधिक सूक्ष्म आहे. बालगोविंदाची निवड हलकेपणामुळे होते, त्यामुळे नैसर्गिक वाढ हेच त्याच्या निवृत्तीचे कारण ठरते. ज्या वस्तीने त्यास यंदा खांद्यावर मिरविले, ती दोन वर्षांनी त्याच्याहून लहान मूल शोधू लागते. अमेरिकेतील स्पर्धांत वर फेकल्या जाणाऱ्या मुलीस ‘फ्लायर’ म्हणतात. तिचीही स्थिती याहून वेगळी नाही. वजन वाढू न देण्याची चिंता तिच्या मागे सतत लागलेली असते. आईवडिलांची हौस, प्रशिक्षकाची अपेक्षा, संघातील जागा टिकविण्याची धडपड आणि टाळ्यांची गोडी या चौघांच्या मध्ये ‘मला भीती वाटते’ हे वाक्य उच्चारणे अशा मुलास फार अवघड जाते. कोणी तोंड दाबून धरलेले नसते; पण ते वाक्य उच्चारण्याची जागाच रचनेत ठेवलेली नसते.

५. ‘खेळ’ म्हणावे की नाही?

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, तो नावाच्या निमित्तानेच. कनेक्टिकट राज्यातील क्विनिपियाक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी स्पर्धात्मक चीअरलीडिंगचा संघ क्रीडासंघ म्हणून मोजण्याचे ठरविले. व्हॉलीबॉलच्या खेळाडूंनी त्यास आव्हान दिले. २०१० मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने निर्णय दिला की, या प्रकारात अद्याप पुरेशी संघटना, निश्चित नियम आणि सुसूत्र स्पर्धाक्रम नसल्याने विद्यार्थिनींना क्रीडेची समान संधी देण्याच्या कायद्यापुरते त्यास खेळ म्हणता येणार नाही. भविष्यात मात्र ते शक्य आहे. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय कायम केला. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नेमकी उलट दिशेची शिफारस केली : चीअरलीडिंगला खेळ म्हणून मान्यता द्यावी, कारण त्यावाचून खेळाडूंना मिळणारी वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षित शिक्षक आणि सरावाचे सुरक्षित नियम या मुलींना मिळणार नाहीत. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या क्रीडाप्रकाराच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली.

या दोन मतांत वरवर विरोध दिसतो, तरी त्यांचे सूत्र एक आहे. ‘खेळ’ हे नाव केवळ गौरवाचे विशेषण नव्हे. ते कर्तव्यांची एक यादी आहे. न्यायालय म्हणते, यादी पूर्ण झाली नाही म्हणून नाव नाही. वैद्य म्हणतात, नाव द्या, म्हणजे यादी पूर्ण करावी लागेल.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाही. अंगणातल्या खो-खोस १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधून दिले. ‘हुतूतू’ म्हणून ओळखला जाणारा देशी खेळ ‘कबड्डी’ या नावाने १९९० च्या बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून दाखल झाला. तत्पूर्वी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी विदर्भातीलच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक घडविले होते. या दोन्ही उदाहरणांत नियम आणि संघटना यांची वाटचाल दीर्घ होती. मानमरातब त्या वाटचालीच्या ओघात आला.

६. महाराष्ट्रातील निर्णयांचा क्रम

दहीहंडीच्या बाबतीत क्रम निराळा झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली आणि मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली. वर दिलेल्या सरासरीने पाहता २० फुटांत जेमतेम चार थर बसतात. नऊ थरांचा सराव केलेल्या पथकांना ही मर्यादा का मानवली नाही, हे यावरून ध्यानात येईल. २०१५ मध्ये राज्यशासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय आणि उंची यांवरील दोन्ही मर्यादा कायम राखल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा घालण्याचे नाकारले. १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, अशी ग्वाही मात्र शासनाने न्यायालयास दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत साहसी खेळाच्या मान्यतेची घोषणा पुन्हा केली. मृत्यू झाल्यास १० लक्ष रुपयांचे साहाय्य आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात गोविंदांचा समावेश यांचा त्या घोषणेत अंतर्भाव होता. २०२३ पासून मुंबईत ‘प्रो गोविंदा’ या नावाने बंदिस्त क्रीडागारात स्पर्धा भरू लागली. २०२५ मध्ये दीड लक्ष गोविंदांसाठी विम्याची तरतूद करण्यात आली.

या क्रमाकडे शब्दांच्या दृष्टीने पाहिले असता एक विसंगती स्पष्ट होते. मर्यादेचा प्रश्न येतो तेव्हा ‘हा आमचा सण आहे’ असे म्हटले जाते. साहाय्याचा आणि आरक्षणाचा प्रश्न येतो तेव्हा ‘हा आमचा खेळ आहे’ असे म्हटले जाते. ‘सण’ आणि ‘खेळ’ ही दोन्ही नावे उपलब्ध असल्याने प्रत्येक नावातील सोय तेवढी घेता येते. विमा ही अपघातानंतरची व्यवस्था आहे. अपघातापूर्वीची व्यवस्था म्हणजे सरावाची जागा, झेलण्याची जाळी किंवा गादी, शिरस्त्राण, प्रशिक्षक आणि वयाची पडताळणी. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसर येथे सरावाच्या वेळी ११ वर्षांचा एक मुलगा वरच्या थरावरून पडून मरण पावला. उत्सवाच्या दिवशी रस्त्यावर पोलीस असतात, छायाचित्रकार असतात, आयोजकांना नियमांची आठवण असते. सरावाच्या रात्री यांपैकी कोणीच नसते. सणाला सराव नसतो, म्हणून सणाच्या नियमांत सरावाचा विचार येत नाही. खेळाला सराव असतो. किंबहुना खेळ म्हणजे बहुतांशी सरावच असतो. ज्यास खेळ म्हणावयाचे त्याचे नियम सरावापासून सुरू झाले पाहिजेत, हे या घटनेने दाखवून दिले.

७. उतरण्याचा शब्द

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात मानवी मनोऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि युनेस्कोने २०१० मध्ये तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. तेथील परिभाषेत यशाचे दोन शब्द आहेत. टोकावरच्या मुलाने हात उंचावला म्हणजे मनोरा ‘कार्रेगात’, अर्थात ‘चढविलेला’ होतो. सर्व थर क्रमाने सुखरूप खाली आले म्हणजेच तो ‘देस्कार्रेगात’, अर्थात ‘उतरविलेला’ होतो. स्पर्धेत दुसऱ्यास अधिक गुण मिळतात. चढून कोसळलेल्या मनोऱ्याचे श्रेय अपुरे मानले जाते. २००६ मध्ये तेथे एका बालिकेचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांतील मुलांसाठी शिरस्त्राणाचा वापर सार्वत्रिक झाला.

मराठीत ‘थर लावणे’, ‘थर रचणे’, ‘सलामी देणे’, ‘हंडी फोडणे’ असे चढण्याचे आणि जिंकण्याचे प्रयोग विपुल आहेत. उतरण्यासाठी मात्र सामान्य व्यवहारातले ‘उतरणे’ किंवा अपघाताचे ‘कोसळणे’ एवढेच. ‘अमुक पथकाने आठ थर लावले’ असे वृत्त येते. ते आठ थर कसे उतरले, हे वृत्तात येत नाही. याचे कारण कथेतच आहे. हंडी फुटली की कथा संपते. दही सांडते, जल्लोष होतो आणि त्या जल्लोषात मनोरा विसकटला तरी तो आनंदाचाच भाग मानला जातो. सणाच्या दृष्टीने हे यथार्थ आहे. खेळाच्या दृष्टीने मात्र टोकावरच्या मुलाचे पाय जमिनीस लागेपर्यंत डाव पूर्ण झालेला नसतो.

८. गोंदियाच्या दृष्टीने

हा सर्व विचार मुंबई-ठाण्याचा आहे, त्याचा पूर्व सीमेवरील जिल्ह्याशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी यांच्या संगमावर वसलेला आहे. येथील तरुणांची कलेची हौस दिवाळीनंतरच्या मंडईत, दंडारीत आणि रात्रीच्या नाटकांत प्रकट होते. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीकडे व या लोककलांकडे विद्वानांचे लक्ष वेधले आहे. कान्होबाच्या उत्सवाला थरांच्या स्पर्धेची जोड मिळालीच पाहिजे असे नाही. काला हा स्वयंपूर्ण उत्सव आहे.

तथापि शासनाचा शब्द संपूर्ण राज्यास लागू होतो. पोलीस भरती किंवा वनरक्षक भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या येथील तरुणास पाच टक्के या आकड्याचा अर्थ नीट कळतो. २०२२ च्या घोषणेवर स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांनी जी टीका केली, तिच्यामागेही हाच प्रश्न होता : गोविंदाचे खेळाडूपण सिद्ध कसे व्हावयाचे? खेळाडूंच्या आरक्षणात प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रास अधिकृत स्पर्धा लागते, स्पर्धेस संघटना, पंच आणि नियम लागतात. ही साखळी पूर्ण नसता केवळ नाव दिले, तर ज्यांच्या जिल्ह्यात मोठ्या पथकांची परंपरा नाही असे तरुण स्वाभाविकच मागे पडतील. आणि नावाच्या लोभाने अशा जिल्ह्यांत घाईने पथके उभी राहिली, तर मुंबईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेले कौशल्य त्यांच्यापाशी नसेल. धोका मात्र तितकाच असेल.

तात्पर्य, गोविंदास खेळाडू म्हणावयाचे असेल तर त्यास कोणाचीही हरकत असू नये. परंतु तो शब्द पूर्ण अर्थाने उच्चारला जावा. वयाची पडताळणी सरावाच्या पहिल्या रात्री व्हावी, शिरस्त्राण व गादी यांची सक्ती उत्सवाच्या दिवसापुरती नसावी, ‘आज वर चढणार नाही’ असे म्हणण्याचा मुलाचा हक्क पथकाच्या नियमांत लिहिलेला असावा, आणि सर्व थर सुखरूप उतरल्यावाचून गुण किंवा बक्षीस देऊ नये. असे झाले म्हणजे उतरण्याचा शब्द कोणी मुद्दाम घडवावा लागणार नाही. ज्या कृतीला मोल मिळते तिला नावही मिळते, हा भाषेचा स्वभाव आहे. आणि आज मोल केवळ चढण्याला आहे, हेच त्या शब्दाच्या अभावाचे कारण होय.